पेन ड्राइव्हवरून फर्मवेअर अपडेट: ई-रीडर चांगला, पण अडचण सांगत नाही

वाचनाचे साधन म्हणून हा ई-रीडर घेण्यासारखा आहे, हे आधीच सांगितलेले बरे. ई-इंकचा पडदा डोळ्यांना त्रास देत नाही, पाने झटकन उलटतात आणि एकदा चार्ज केलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. सोबत आलेल्या जुन्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी मजकुराचे मात्र हाल होत होते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला अर्धा र पुढच्या अक्षराला न चिकटता पाय मोडून वेगळाच उभा राहायचा आणि पानोपानी वाचनाची लय तुटायची. नव्या आवृत्तीत ही दुरुस्ती केल्याचे कंपनीने जाहीर केले, त्यामुळे अपडेट करणे भागच होते. ते वाय-फायवरून होते, पण नेटवर्कला जोडल्यावर आधी ब्राउझरमध्ये लॉगिन करावे लागत असेल, तर या उपकरणाचा अपडेट विभाग तिथेच अडून बसतो. अशा वेळी कंपनी पेन ड्राइव्हचा मार्ग सुचवते. हे परीक्षण मुख्यतः त्या मार्गाचे आहे.

माहितीपुस्तिकेत त्याबद्दल मोजक्या ओळी आहेत: फाइल डाउनलोड करा, पेन ड्राइव्हवर कॉपी करा, ड्राइव्ह जोडा आणि सेटिंग्जमधून अपडेट सुरू करा. प्रत्यक्षात पडद्यावर ‘अपडेट फाइल आढळली नाही’ एवढेच उमटते. ड्राइव्ह जोडलाच गेला नसला तरी हेच वाक्य येते, तो वाचता येत नसला तरी हेच आणि फाइल चुकीच्या जागी असली तरी हेच. माझी मुख्य तक्रार हीच आहे, कारण यांतल्या प्रत्येक अडचणीवर उपाय निराळा आहे आणि नेमकी अडचण कोणती ते शोधण्याचे काम पूर्णपणे वाचकावर टाकलेले आहे.

पहिली शंका केबलची घ्यावी. ई-रीडर संगणकाला जोडतो तेव्हा तो स्वतः दुय्यम उपकरण असतो. पेन ड्राइव्ह जोडायचा तर त्याला यजमानाची भूमिका घ्यावी लागते आणि ड्राइव्हला वीजही पुरवावी लागते. ही ओटीजीची सोय ई-रीडरमध्ये तर हवीच, शिवाय मधला अडॅप्टरही ओटीजीचा हवा. दिसायला तसेच असणारे काही अडॅप्टर आणि केबल केवळ चार्जिंगपुरते असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. ड्राइव्हवरचा दिवा लागला म्हणून निश्चिंत होऊ नये. त्यावरून वीज पोहोचली एवढेच कळते. या ई-रीडरच्या फाइल व्यवस्थापकात ड्राइव्ह जोडताच त्याचे चिन्ह दिसायला हवे. ते दिसत नसेल तर फाइलच्या मागे लागण्यात अर्थ नाही, आधी अडॅप्टर बदलून पाहावा. हे चिन्ह अपडेटच्याच पानावर दाखवायला कंपनीला काय हरकत होती, हे कळत नाही.

चिन्ह दिसते पण त्यावर टिचकी मारल्यावर ड्राइव्ह उघडत नाही, असे झाले तर दोष फॉरमॅटचा समजावा. फॉरमॅट म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत आणि हा ई-रीडर त्यांतली फक्त फॅट३२ वाचतो. ६४ जीबी आणि त्याहून मोठे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट होऊन येतात, तर विंडोजवर वापरलेले काही एनटीएफएसमध्ये असतात. त्यात विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीने वर्षानुवर्षे ३२ जीबीहून मोठ्या ड्राइव्हसाठी फॅट३२ हा पर्यायच दिलेला नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ८ किंवा १६ जीबीचा एखादा जुना ड्राइव्ह शोधून तो फॅट३२मध्ये फॉरमॅट करणे. अर्थात त्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून हवे ते आधी काढून ठेवावे. फॅट३२वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, पण ई-रीडरचे फर्मवेअर तेवढे मोठे नसते. त्याच ड्राइव्हवर पूर्वी लिनक्स बसवण्याची तयारी केलेली असेल तर त्याचे दोन-तीन भाग पडलेले असू शकतात; तेव्हा नुसते फॉरमॅट करून भागत नाही, ते भाग काढून ड्राइव्ह एकसंध करावा लागतो.

खरी गंमत फाइलच्या नावात आहे. कंपनी डाउनलोडसाठी झिप देते, झिप उघडल्यावर आत एक फोल्डर निघते आणि खऱ्या फर्मवेअरची, नावाच्या शेवटी ‘डॉट बिन’ असलेली फाइल त्या फोल्डरात असते. पुस्तिका मात्र ‘डाउनलोड केलेली फाइल जशीच्या तशी कॉपी करा’ म्हणते. ही सूचना शब्दशः पाळणाऱ्याचे अपडेट होणे शक्यच नाही, कारण ई-रीडर झिप उघडत नाही आणि फोल्डरात डोकावतही नाही. बिन फाइल ड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांच्या बाहेर, अगदी वरच्या पातळीवर असावी लागते. तीच फाइल दुसऱ्यांदा डाउनलोड केली की ब्राउझर नावापुढे कंसात १ किंवा २ असा आकडा जोडतो आणि नेमके नाव शोधणाऱ्या यंत्राला ती सापडत नाही. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवते, त्यामुळे नाव दुरुस्त करणाऱ्याच्या हातून ‘डॉट बिन डॉट बिन’ असे दुहेरी शेपूट सहज जोडले जाते आणि डोळ्यांना काहीच वावगे दिसत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू केल्याशिवाय नावाला हात लावू नये. मॅकवरून कॉपी केल्यास टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी त्याच नावाची एक छोटी जोडफाइलही ड्राइव्हवर येऊ शकते. शंका आल्यास तीही काढून टाकावी.

नावाचा हा काटेकोरपणा केवळ याच उपकरणात आहे असे नाही. किंडलला बिन फाइल अंतर्गत साठ्यात कोणत्याही फोल्डरबाहेर ठेवलेली लागते, पॉकेटबुक ‘एसडब्ल्यूअपडेट डॉट बिन’ या नावाची फाइल शोधतो आणि कोबोमध्ये तर फाइल एका लपलेल्या फोल्डरात नेऊन ठेवावी लागते. तेव्हा काटेकोरपणाबद्दल तक्रार नाही. ‘ड्राइव्ह वाचला, पण या नावाची फाइल नाही’ असे यंत्राने सांगितले असते तर सगळा शोध तिथेच संपला असता.

तपासणीच्या बाबतीत मात्र कंपनीला पूर्ण गुण द्यावे लागतील. फाइल सापडली की ई-रीडर आधी ती स्वतःच्या साठ्यात उतरवून घेतो, तिची डिजिटल सही पडताळतो आणि मगच रीस्टार्ट होतो. अर्धवट कॉपी झालेली किंवा दुसऱ्या मॉडेलची फाइल तो नाकारतो, त्यामुळे यंत्र कायमचे बंद पडण्याचा धोका बराच कमी होतो. असा नकार आला तर डाउनलोड पानावर दिलेला ६४ चिन्हांचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची खूण, संगणकावरच्या फाइलशी ताडून पाहावा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ आणि मॅकमध्ये ‘शासम’ ही आज्ञा त्यासाठी आधीपासून असते. आकडा जुळत असेल, तर ड्राइव्ह संगणकावरून ‘इजेक्ट’ न करताच उपटला गेला असण्याची शक्यता जास्त. कॉपी झाल्याचे संगणक सांगतो, तेव्हाही शेवटचा काही भाग ड्राइव्हवर लिहायचा बाकी राहिलेला असू शकतो.

चार्जिंगचा विचार आधीच करावा. यंत्राला टाइप-सीचे एकच पोर्ट आहे, ते ड्राइव्हने अडवले की चार्जर लावायला जागा उरत नाही आणि बॅटरी कमी असेल तर अपडेट सुरूच होत नाही. त्यातच पडदा ई-इंकचा असल्याने वीज गेली तरी त्यावरचे चित्र पुसले जात नाही. प्रगतीची पट्टी मध्येच थांबलेली दिसते, तेव्हा काम चालू आहे की यंत्र अडकले आहे, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. अशा वेळी हात आपोआप पॉवर बटणाकडे जातो आणि नेमके तेच टाळायला हवे. एखादा लुकलुकणारा दिवा दिला असता तरी पुरेसे होते.

तीच बिन फाइल संगणकाच्या केबलने ई-रीडरच्या अंतर्गत साठ्यात टाकली आणि त्याच मेन्यूतून अपडेट निवडले, तरी काम होते. संगणक हाताशी असेल तर मी हाच मार्ग सुचवेन, कारण त्यात ओटीजी आणि फॅट३२ या दोन्ही कटकटी गळून पडतात. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही.

अपडेटनंतर ‘उपकरणाविषयी’ या पानावर आवृत्तीचा क्रमांक बदललेला आहे का ते पाहावे. पुस्तकांची यादी नव्याने बांधली जात असल्याने पहिला काही वेळ यंत्र संथ चालते आणि बॅटरीही लवकर उतरते. तो बिघाड नव्हे. अर्धा र आता जागेवर बसतो. जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची वाट मात्र कंपनीने बंद केलेली आहे, म्हणून ज्यांचे सध्याच्या फर्मवेअरवर नीट चालले आहे त्यांनी नव्या आवृत्तीत काय बदलले आहे ते वाचूनच ड्राइव्ह हाती घ्यावा.