ईसीएनएल की शाळेचा संघ? सॉकर खेळणाऱ्या मुलीच्या आईबाबांसाठी

अमेरिकेत सॉकर खेळणारी मुलगी सातवी-आठवीत गेली की घरात हा विषय निघतोच. क्लबचा कोच म्हणतो, हिला वरच्या लीगच्या ट्रायआउटला (निवड चाचणीला) पाठवा. मुलीला मैत्रिणींसोबत हायस्कूलच्या संघात खेळायचे वेध लागलेले असतात. आणि पार्किंगमध्ये कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की ईसीएनएलमध्ये, म्हणजे क्लबांच्या वरच्या राष्ट्रीय लीगमध्ये, गेलात की शाळेचा संघ विसरा. हे शेवटचं विधान आज बहुतेक ठिकाणी खरं नाही. निम्मा गोंधळ त्यातूनच होतो, म्हणून आधी तेच निस्तरू.

शाळेकडून खेळायची बंदी होती ती डेव्हलपमेंट अकॅडमीची. अमेरिकेच्या सॉकर फेडरेशनने २००७ मध्ये मुलग्यांसाठी ती सुरू केली, २०१२ पासून तिचा हंगाम दहा महिन्यांचा केला आणि शाळेचे सामने बंद केले. सामने कमी, सराव जास्त आणि वर्षभर एकाच कोचचा हात, अशी त्यामागची भूमिका होती. २०१७ मध्ये हाच साचा मुलींसाठी आणला. पण मुलींच्या क्लबांनी २००९ मध्येच ईसीएनएल ही स्वतःची लीग उभी केली होती आणि तिथे शाळेकडून खेळायला मुभा होती. त्यामुळे मुलींच्या अकॅडमीचा जम फारसा बसला नाही. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या धामधुमीत, फेडरेशनने मुलांची आणि मुलींची अशा दोन्ही अकॅडम्या गुंडाळल्या. अकॅडमीतल्या बऱ्याच क्लबांनी मिळून त्याच वर्षी गर्ल्स अकॅडमी ही नवी लीग काढली. तीही शाळेला आडकाठी करत नाही.

म्हणजे लीगचा नियम तुमच्या आड येत नाही. आड येतो तो कोच. ‘परवानगी आहे’ आणि ‘कोचला चालतं’ यांत बरंच अंतर असू शकतं. शाळेचा हंगाम खेळून आलेल्या मुलीला परतल्यावर पहिल्या अकरांत जागा मिळते का, हे क्लबच्या संचालकाला विचारू नका, तो गोडच बोलणार. त्याच क्लबच्या अकरावी-बारावीतल्या मुलींच्या आयांना विचारा.

दुसरी गोष्ट राज्याची. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्समध्ये मुलींचा शालेय हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक भागांत तो हिवाळ्यात येतो, टेक्सासमध्ये जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, इलिनॉय आणि जॉर्जियात वसंतात. न्यू जर्सीसारख्या राज्यात मोठ्या वयोगटांचं ईसीएनएल वेळापत्रक बहुधा शाळेचा हंगाम टाळूनच लावतात. जिथे शाळा आणि क्लबचा हंगाम एकमेकांवर चढतात, तिथे मात्र मुलीची खरोखर ओढाताण होते. त्यामुळे टेक्सासमधल्या डॅलसच्या मावसबहिणीचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनला जसाच्या तसा लागू पडत नाही.

आता मैदानावर काय दिसतं ते बघू, कारण दोन्हीकडचा खेळ एकच नाही.

क्लबच्या मोठ्या शोकेसला, म्हणजे कॉलेजच्या कोचांना खेळाडू बघता याव्यात म्हणून भरवलेल्या स्पर्धेला, एकदा जाऊन बघाच. एकाला एक लागून आठ-दहा मैदानं, सकाळी आठला पहिला सामना, तीन दिवसांत तीन सामने. गोलच्या बाजूला घडीच्या खुर्च्यांवर कॉलेजचे कोच बसलेले. अंगात कॉलेजचं नाव असलेला टीशर्ट, मांडीवर खेळाडूंच्या नंबरांची यादी. पंधरा-वीस मिनिटं बघतात, पेनाने काहीतरी टिपतात आणि उठून पुढच्या मैदानाकडे जातात. आईबाप मान वळवून त्यांच्या टोप्या वाचत असतात. खेळ वेगवान असतो. चेंडू पायाशी आल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही, कारण समोरची मुलगीही तिच्या गावची सर्वांत चांगली खेळाडू असते. मुलीला जी सुधारणा हवी, ती इथे होते आणि ती मुख्यतः अशा प्रतिस्पर्ध्यांमुळे होते. कोचिंगचं श्रेय त्यानंतर.

शाळेचा सामना मंगळवारी संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात असतो. मैदान बहुतेकदा अमेरिकन फुटबॉलचंच, कृत्रिम हिरवळीचं, त्यावर यार्डांच्या पांढऱ्या रेघा तशाच. ते रुंदीला कमी पडतं, मग कडेने खेळ उभारण्यापेक्षा उंच लांब चेंडू मारून त्यामागे पळणं सुरू होतं. सामना ८० मिनिटांचा, फळ्यावरचं घड्याळ उलटं धावतं, आणि बदली खेळाडू हव्या तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात. त्यामुळे दमलेल्या पायांनी शेवटची दहा मिनिटं डोकं वापरून काढायची सवय इथे लागत नाही. संघात दोन-तीन उत्तम, पाच-सहा बऱ्या आणि उरलेल्या हौशी. कोच कधी कॉलेजात खेळलेली असते, तर कधी इतिहासाचे सर असतात, ज्यांच्याकडे वसंतात सॉफ्टबॉलही असतं.

पण स्टँडमध्ये दोनशे माणसं असतात. वर्गातली मुलं तोंडाला रंग लावून ओरडत असतात. लाउडस्पीकरवरचा निवेदक ‘कुलकर्णी’चं काहीही करतो आणि टाळ्या तरी पडतात. क्लबच्या सामन्याला आईवडिलांखेरीज कुत्रंही फिरकत नाही. नववीतल्या मुलीला बारावीच्या मुलींसोबत बसमधून सामन्याला जाणं, त्यांच्यापैकी कुणी रागावणं, कुणी सांभाळून घेणं, हे वयाच्या पट्ट्यांत कापलेल्या क्लबमध्ये मिळत नाही. आणि क्लबमध्ये पंधरापैकी एक असलेली मुलगी शाळेत कर्णधार होते, पेनल्टी तीच मारते, सामना तिच्यावर अवलंबून असतो. ही जबाबदारी खेळ घडवते, असं माझं मत आहे. क्लबचे कोच याला ‘वाईट सवयी लागतात’ म्हणतात. दहा आठवड्यांत लागणाऱ्या वाईट सवयी बाकीच्या चाळीस आठवड्यांत सुटत नसतील, तर प्रश्न क्लबच्या सरावाचा आहे.

राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंकडे बघून उत्तर सापडेल असं वाटत असेल तर तिथेही दोन्ही आहेत. अ‍ॅबी वाम्बाकने रॉचेस्टरमधल्या आपल्या शाळेसाठी १४२ गोल केले. लिंडसे होरान कोलोरॅडोत क्लबकडूनच खेळत राहिली आणि २०१२ मध्ये अठराव्या वर्षी कॉलेजला न जाता थेट पॅरिसला व्यावसायिक म्हणून गेली. आपल्यासारख्यांना जवळची वाटेल ती नेओमी गिर्मा. सॅन होजेमधल्या इथिओपियन कुटुंबांनी मुलांना एकत्र ठेवण्यासाठी जो सॉकर गट चालवला, त्यात तिच्या वडिलांचा पुढाकार होता आणि ती तिथेच पहिल्यांदा खेळली. मोठे क्लब नंतर आले. मग स्टॅनफर्ड, अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) पहिली निवड, आणि जानेवारी २०२५ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबने तिच्यासाठी दहा लाख डॉलरहून जास्त मोजले. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला ‘वरच्या’ संघात घालण्यासाठी तासभर गाडी हाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कॉलेजच्या बाबतीत मात्र क्लबचं पारडं निर्विवाद जड आहे. डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेज सॉकरच्या सर्वांत वरच्या गटाचा, कोच शरद ऋतूत स्वतःचा हंगाम खेळत असतो. तुमच्या गावचा सामना बघायला तो येणार कसा? शोकेसला त्याला एका दिवसात पन्नास मुली दिसतात. दहावी संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपासून तो मुलीशी थेट बोलू शकतो. सॉकरमध्ये हा नियम २०१९ पासून आहे. त्याआधी आठवी-नववीतल्या मुली कॉलेजांना शब्द देऊन बसायच्या. बाराव्या वर्षीच घाई करा, हा सल्ला त्या काळातला आहे.

पण कॉलेज म्हणजे स्कॉलरशिप, हे गणित करून लीग निवडणार असाल तर थांबा. देशभरात पावणेचार लाखांच्या आसपास मुली हायस्कूल सॉकर खेळतात आणि त्यांतल्या शंभरात दोन-तीन डिव्हिजन वनला पोचतात. २०२५ पर्यंत तिथल्या एका महिला संघाला १४ पूर्ण स्कॉलरशिपा मिळायच्या आणि त्या पंचवीस-तीस मुलींत वाटल्या जायच्या. म्हणजे पूर्ण खर्च निघालेली मुलगी विरळाच. कॉलेज खेळाडूंच्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोड झाली, तीत सामील झालेल्या कॉलेजांसाठी ती मर्यादा गेली, पण त्यांच्यावर २८ खेळाडूंची कमाल मर्यादा आली. जास्त पैसा सॉकरकडेच वळेल असं कुठे लिहिलेलं नाही. शिवाय दुसऱ्या कॉलेजातून आणि परदेशातून आलेल्या तयार खेळाडूंशी स्पर्धा आहेच. दुसरीकडे वरच्या लीगचा खर्च फी, विमान, हॉटेल धरून वर्षाला आठ-दहा हजार डॉलरला सहज जातो. अनेक स्पर्धांत त्यांनीच ठरवून दिलेल्या हॉटेलात उतरावं लागतं. जवळच मामाचं घर असलं तरी तिथे राहायची सोय नाही. पाच वर्षांचे हे पैसे ५२९ खात्यात (कॉलेजच्या खर्चासाठीच्या बचत खात्यात) टाकले असते तर कुठली ‘स्कॉलरशिप’ पडली असती, याचा हिशेब इंजिनिअर बापांनी करायला हरकत नाही. शाळेचा संघ जवळपास फुकट असतो. काही जिल्हे खेळाची फी घेतात, कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांना तर तीही घेता येत नाही.

क्लबचा खरा उपयोग मराठी घरांना वेगळ्याच दाराने होऊ शकतो. आयव्ही लीग खेळासाठी पैसे देत नाही, डिव्हिजन थ्रीही देत नाही. पण एमआयटी, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, एमरी, जॉन्स हॉपकिन्स हे सगळे डिव्हिजन थ्रीमध्ये आहेत आणि अशा अनेक ठिकाणी कोचने दिलेला पाठिंबा प्रवेशाच्या वेळी कामी येतो. अर्थात मार्क असतील तर. आठवड्याला तीन सराव आणि महिन्याला एक विमानप्रवास सांभाळून ते मार्क राहतात का, हे प्रत्येकीचं वेगळं. (‘भारताकडून खेळेल का?’ असं आजी विचारतेच. २००८ पासून भारताच्या संघासाठी भारतीय पासपोर्ट लागतो, ओसीआय कार्ड चालत नाही.)

शरीराकडे दोन्ही पक्षांचं दुर्लक्ष असतं. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका सॉकर खेळणाऱ्या मुलींना मुलग्यांच्या किमान दुप्पट असतो आणि शस्त्रक्रिया झाली तर नऊ महिने ते वर्ष जातं. शाळेचा हंगाम इथे जास्त घातक ठरू शकतो. आठवड्याला दोन-तीन सामने, मध्ये रोज सराव आणि त्यातच क्लबने ‘फक्त रविवारी’ बोलावणं. हा रविवार काढून टाका. उलट बऱ्याच शाळांकडे दुखापती बघणारा अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतो, जो क्लबच्या मंगळवारच्या सरावाला सहसा नसतो. फिफा ११+ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप नियमित केला तर दुखापती लक्षणीय कमी होतात, हे सिद्ध झालेलं आहे. ट्रायआउटला गेलात की दहा मिनिटं आधी पोचा आणि मुली काय करतात बघा. नुसत्या गोलावर चेंडू मारत असतील तर लीगच्या नावाला भुलू नका.

घरचं वेळापत्रक हा मुद्दा आपण हसण्यावारी नेतो. क्लब म्हणजे वीकेंड गेला. मराठी शाळा गेली, मंडळाच्या गणपतीची तालीम गेली, अरंगेत्रम पुढे ढकललं, आणि धाकटा भाऊ मागच्या सीटवर आयपॅड घेऊन मोठा झाला. शाळेचे सामने बहुधा आठवड्यातल्या कामाच्या दिवशी असतात, तुमची मीटिंग चार वाजता असेल तर सामना तुम्हीच चुकवणार.

मग निवड कशी करायची? मी एकच आकडा विचारेन : मुलगी प्रत्यक्ष किती मिनिटं खेळेल? ईसीएनएलच्या संघात विसावी असेल आणि सामन्याला पंधरा मिनिटं मिळत असतील, तर ती विमानातून बाकावर बसायला चालली आहे. तिने त्याच क्लबच्या खालच्या, म्हणजे प्रादेशिक लीगमधल्या संघात पूर्ण वेळ खेळावं, शिवाय शाळेकडून खेळावं. वरच्या संघात पक्की असेल आणि तिला स्वतःला कॉलेजात खेळायचं असेल, तर क्लब घ्यावाच, पण शाळेचे दहा आठवडे सोडू नयेत. शाळा सोडावी अशी कारणं मला तीनच पटतात : नुकतीच बरी झालेली दुखापत, राष्ट्रीय वयोगटाच्या शिबिराचं बोलावणं, किंवा शाळेचा कोच खरोखरच वाईट असणं. ‘कोचला आवडणार नाही’ हे त्यांत नाही. आणि जिला सॉकर आवडतं पण त्याबरोबर नाटक, रोबोटिक्स आणि मैत्रिणीही तितक्याच हव्यात, तिला गावातला साधा क्लब आणि शाळा पुरे आहे. तिचं काहीही बुडत नाही.

वयाच्या गटाचं एक बघून ठेवा. २०१६ पासून क्लबचे संघ जन्मवर्षावर होते. त्यामुळे ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलगी आठवीत आणि तिच्या संघातल्या बाकीच्या नववीत, असं व्हायचं. त्या शाळेकडून खेळायला गेल्या की हिला सामनेच उरायचे नाहीत. २०२६-२७ च्या हंगामापासून गट १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे होत आहेत, त्याने बहुतेकींचा प्रश्न सुटेल. तुमच्या जिल्ह्यात शाळाप्रवेशाची तारीख १ ऑक्टोबर असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या मुलींनी पुन्हा नीट तपासावं.

आणि क्लबची ऑफर आली की एक-दोन दिवसांत उत्तर मागतात, सही केली की वर्षभराची फी लागू होते. शाळेचा संघ मात्र हंगामाच्या तोंडावरच्या ट्रायआउटशिवाय कळत नाही. म्हणून मुलगी आठवीत असतानाच, तुमच्या राज्यातल्या शालेय हंगामात, तिला घेऊन हायस्कूलचे दोन-तीन सामने बघून या. एक जेव्हीचा (शाळेच्या दुय्यम संघाचा), एक व्हार्सिटीचा (मुख्य संघाचा). हरत असताना कोच मुलींशी कसं बोलतो, ते बाकाच्या मागे उभं राहून ऐका.