मागच्या पानांवरच्या ‘क्लास नोट्स’: सदर उत्तम, फॉर्म वाईट

अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठांचे माजी विद्यार्थ्यांसाठीचे अंक लोक मागून उघडतात. पुढे अध्यक्षांचं पत्र, नव्या इमारतीचा फोटो, देणगीदारांची आभारयादी. मागे ‘क्लास नोट्स’, म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी कळवलेल्या बातम्या; बऱ्याचदा ऑनलाइन फॉर्म भरून पाठवलेल्या. कोण कुठल्या मंडळीत (चर्चमध्ये) पाळक झालं, कोणी दवाखाना विकून निवृत्ती घेतली, कोणाकडे जुळं आलं, कोण प्रभूत झोपी गेलं. बातमी छापायला पैसे पडत नाहीत. तरीही सेवा म्हणून ती पारखायलाच हवी, कारण तिच्या खोडी ठरलेल्या आहेत आणि माहीत असल्या तर बहुतेक टाळता येतात.

रचना जुनी आहे आणि अजून तरी तिला तोड नाही. पदवीच्या वर्षाप्रमाणे नोंदी, सगळ्यात जुनं वर्ष आधी. नावापुढे ’९४ असं वर्ष, पुढची पदवी तिथलीच असेल तर तिचंही. पती-पत्नी दोघंही तिथलेच असतील तर दोघांची वर्षं. विवाहित स्त्रीचं माहेरचं आडनाव मधे किंवा कंसात देतात आणि ते फार उपयोगाचं, कारण वर्गातल्यांना ती त्याच नावाने आठवत असते. काही विद्यापीठांच्या ऑनलाइन फॉर्मात मात्र या आडनावाला रकानाच नसतो. मग छापील अंकात सापडणारी मैत्रीण संकेतस्थळाच्या शोधात सापडत नाही. अशा वेळी माहेरचं आडनाव सरळ ‘मधलं नाव’च्या रकान्यात टाकावं.

नोंद दोन-तीन ओळींची असते, पण शब्द जपून निवडलेले असतात आणि ते वाचता यायला हवेत. पाळकांच्या नोंदीत ‘अपॉइंटेड’ आणि ‘कॉल्ड’ हे शब्द एकमेकांऐवजी चालत नाहीत. युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये बिशप नेमणूक करतो, त्यामुळे एका पाळकाच्या नावावर चार गावं दिसली तर ती बदली आहे, धरसोड नाही. बॅप्टिस्ट मंडळ्यांत मंडळी स्वतः मत देऊन पाळकाला पाचारण करते. तिथे त्याच चार गावांचा अर्थ वेगळा लागू शकतो. ‘बोर्ड सर्टिफाइड चॅप्लेन’ (रुग्णालयासारख्या संस्थेत सेवा करणारा प्रमाणित पाळक) हे तीन शब्द वाचक सहज ओलांडून जातात. त्यामागे धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाखेरीज रुग्णसेवेतल्या प्रशिक्षणाची साधारण चार युनिट्स असतात, प्रत्येक किमान ४०० तासांचं. म्हणजे १,६०० तास. लष्करातल्या चॅप्लेनला स्वतःच्या पंथाची अधिकृत शिफारस लागते, ती काढून घेतली तर पदही धोक्यात येतं. हे ठाऊक असलं की दोन ओळींची नोंद बरंच सांगून जाते.

ख्रिस्ती विद्यापीठांच्या अंकात आणखी एक गोष्ट दिसते, जी इतरत्र फारशी नसते: नोंद मुद्दाम अपुरी. फक्त पहिलं नाव आणि ‘आग्नेय आशियात सेवा’. हा संपादकाचा आळस नाही. जिथे धर्मप्रसाराला बंदी आहे तिथे काम करणाऱ्याचं आडनाव आणि शहर छापलं तर व्हिसा जातो, आणि स्थानिक विश्वासणाऱ्यांवर त्याहून वाईट वेळ येऊ शकते. बिघडतं ते कौतुकापोटी: वर्गमित्र किंवा आई-वडील उत्साहाने पूर्ण पत्त्यानिशी बातमी पाठवतात. छापील अंक काही हजार घरांत जातो, पण त्याची पीडीएफ जगात कुठूनही शोधता येते. कायदा इथे ढाल होत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी जपणारा १९७४चा ‘फर्पा’ विद्यापीठ सोडल्यानंतर जमा झालेल्या माहितीला लागू होत नाही. तेव्हा दुसऱ्याची बातमी त्याला विचारूनच पाठवावी. चूक झालीच तर ऑनलाइन मजकुरासोबत पीडीएफमधूनही नाव काढायला लेखी सांगावं. पीडीएफ हमखास विसरली जाते.

स्वतःची बातमी पाठवताना सगळ्यात जास्त घोळ फोटोचा होतो. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, लागतात. चार बाय सहा इंचांच्या फोटोसाठी १,२०० बाय १,८०० पिक्सेल, दोन बाय तीनच्या छोट्या चौकटीसाठीही ६०० बाय ९००. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकसलेला असतो, स्क्रीनशॉट तर नकोच. मूळ फाइल ईमेलला जोडावी. लग्नाच्या फोटोंचा हक्क बहुधा छायाचित्रकाराकडे असतो, त्याची लेखी परवानगी सोबत दिली तर संपादक आभार मानतो. मजकूर तृतीय पुरुषात, साठ-सत्तर शब्दांत: नाव, वर्ष, विषय, काय घडलं, कधी, कुठे. संस्थेची लघुरूपं फोडून लिहावीत. ‘लवकरच’ हा शब्द टाळावा. बरेच अंक साखरपुडा आणि येऊ घातलेलं बाळ छापत नाहीत, लग्न झाल्यावर आणि बाळ जन्मल्यावरच छापतात. नियम कोरडा वाटतो, पण पाठवणं आणि छापणं यांत दोन-तीन महिने सहज जातात आणि तेवढ्यात काहीही होऊ शकतं. त्यामुळे या नियमाला माझे पूर्ण गुण.

बातमी पाठवायच्या फॉर्मला मात्र काठावर पास. ‘नोकरी बदलली’, ‘बढती’, ‘पुरस्कार’, ‘विवाह’, ‘अपत्य’ एवढेच पर्याय देणारा फॉर्म माणसांना त्याच साच्यात ओततो. आजारी वडिलांसाठी नोकरी सोडून घरी आलेल्याने कुठे टिचकी मारायची? सेवाभाव शिकवणाऱ्या विद्यापीठाच्या फॉर्मात ‘इतर’ शेवटी असावं, तेही पन्नास अक्षरांचं, हे शोभत नाही.

अंक घरी येणं बंद झालं की लोक विद्यापीठाला दोष देतात. बरेच अंक स्वस्त ‘मार्केटिंग मेल’ दराने जातात, आणि पाकिटावर तशी खास सूचना छापलेली नसेल तर टपालखातं या दराची टपाल नव्या पत्त्यावर पुढे धाडत नाही. टपालखात्याला पत्ताबदल कळवला म्हणजे झालं असं नाही. माजी विद्यार्थी कार्यालयाला वेगळं कळवावं लागतं.

या पानांवरून विद्यापीठ निवडू पाहणाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवं: त्यासाठी हे सदर निरुपयोगी आहे. ज्याचं बरं चाललंय तोच लिहितो. पदवीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत काय झालं, याची पाहणी मागावी आणि तिच्यात ‘नॉलेज रेट’ पाहावा, म्हणजे किती टक्के पदवीधरांची माहिती खरोखर हाती आहे. नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड एम्प्लॉयर्स ही संघटना ६५ टक्क्यांचं लक्ष्य सुचवते. आकडा त्याखाली बराच घसरला असेल तर ‘९५ टक्के यशस्वी’ या जाहिरातीत दम नाही. ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या सरकारी संकेतस्थळावरचे पगाराचे आकडे फक्त सरकारी मदत घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे असतात. ग्रोव्ह सिटी कॉलेजसारखी ख्रिस्ती संस्था ती मदतच घेत नाही, त्यामुळे स्कोअरकार्डवर ती संस्था शोधणं व्यर्थ. लिंक्डइनवर विद्यापीठाच्या पानावरचा ‘अ‍ॅलम्नाय’ विभाग वर्ष, गाव, नोकरी आणि विषय यांनुसार गाळून दाखवतो. झटपट कामाला तो बरा. पण ‘वेस्लियन’ किंवा ‘कॉन्कॉर्डिया’ नावाच्या संस्था अनेक आहेत आणि लोक चुकीची निवडतात. कॅल्व्हिनसारखी कॉलेजची युनिव्हर्सिटी झाली (२०१९) की जुन्या पदवीधरांच्या नोंदीत जुनंच नाव राहिलेलं असतं, तेही ध्यानात ठेवावं.

मृत्यूच्या नोंदी या सदराचा सगळ्यात भरवशाचा भाग आहेत. निवडक यशाची यादी इथे नसते, सगळे येतात. चांगला संपादक वृत्तपत्रातली निधनवार्ता किंवा अंत्यविधी करणाऱ्या संस्थेच्या पानाची लिंक मागतो, आणि ती मागायलाच हवी, कारण एकाच नावाचे दोन पदवीधर असले की जिवंत माणूस या यादीत जाऊन बसतो. कळवताना मधलं नाव आणि जन्मतारीख द्यावी.

आणि संग्रहाचं काय? न्यूयॉर्कची अलायन्स युनिव्हर्सिटी, जिचं आधीचं नाव न्यॅक कॉलेज, २०२३ मध्ये बंद झाली. संस्था बंद झाली की गुणपत्रकं सांभाळायला कुणीतरी नेमलं जातं; मागच्या पानांवरच्या या नोंदींसाठी तशी सोय असेलच असं नाही. आपल्या वर्षाचे अंक संकेतस्थळावर आहेत तोवर पीडीएफ उतरवून घ्याव्यात, फाइलच्या नावात वर्ष आणि अंकावरचा ऋतू घालून, कारण संकेतस्थळावर त्या ‘फायनल-२’ अशाही नावाने पडलेल्या असतात.