सड्यावर चालवले ते टायर वेगळे, गाडीला बसले ते वेगळे

मे महिना लागला की आमच्याकडे पावसाळ्याची तजवीज सुरू होते. कौलं परतायची, लाकडं आत घ्यायची, गाडीचे टायर बदलायचे. त्यातल्या शेवटच्या कामासाठी दुकानात जाणार असाल तर आधी हे वाचा. माझे ३८,००० रुपये गेले, ते एक वेळ सोडून देतो. पण बायको आणि सासूबाई गाडीत असताना चोर्ला घाटात जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहायला बसलो.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. घरापासून कुळागरापर्यंतची, म्हणजे सुपारीच्या बागेपर्यंतची, वाट साडेतीन किलोमीटरची आणि डांबर पहिल्या वळणालाच संपतं. पुढे तांबडी माती, मग जांभ्याचा चढ, मग व्हाळ, म्हणजे ओढा. जुलैत जांभ्यावर शेवाळ धरतं आणि तांबडी माती टायरच्या खाचांत अशी बसते की थोड्या वेळात टायर गुळगुळीत होऊन नुसता फिरत राहतो. माझ्याकडे जुनी थार आहे, टायर २३५/७० आर १६ मापाचे. तिला कंपनीतून आलेले रस्त्याचे टायर झिजले होते. निव्वळ चिखलाचे, मोठ्या खाचांचे टायर मला नको होते, कारण आठवड्यातून तीनदा वाळपई आणि महिन्यातून एकदा बेळगाव असतंच. चिखलाचे टायर डांबरावर आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर ब्रेकही उशिरा लागतो. म्हणून ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे टायर, घ्यायचे ठरवले. आमच्यासारख्या वाटांना तेच योग्य, हे माझं मत आजही कायम आहे. दोष त्या प्रकारच्या टायरचा नव्हता.

२०२३ च्या मे महिन्यात बार्देश तालुक्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. मालक गोड बोलणारा. म्हणाला, "पात्रांव, आदीं चलोवन पळयात, मागीर पयशे." म्हणजे शेठ, आधी चालवून बघा, मग पैसे. दुकानाच्या मागे थोड्या अंतरावर सडा, म्हणजे जांभ्याचं मोकळं पठार, होतं. तिथे त्याने एक जीप उभी केली होती, तिला त्याच नक्षीचे टायर. टँकरने पाणी ओतून एका खड्ड्यात चिखल केलेला, शेजारी जांभ्याच्या चिऱ्यांचा पायऱ्यांसारखा चढ, आणि पलीकडे सुट्या खडीचा उतार. मी स्वतः चालवली. चिऱ्यांवर जीप कोळ्यासारखी चढली. चिखलातून एकदाही चाक न फिरता बाहेर आली. खडीच्या उतारावर ब्रेक मारला तर जागच्या जागी थांबली. माझ्याबरोबर भाचा होता, त्याने मोबाइलवर सगळं चित्रीकरण केलं. पुढे त्याच चित्रीकरणाने आम्हाला वाचवलं.

ही चाचणी खोटी नव्हती. जीप खरंच चढली, टायर खरंच धरत होते. म्हणून तर फसलो.

नंतर जे कळलं ते आधी सांगतो, कारण तुम्हालाही कुणी असं चालवून दाखवेल. त्या जीपच्या टायरांत हवा खूप कमी ठेवली होती. आपण रस्त्यावर हवेचा दाब तीसच्या आसपास पीएसआय ठेवतो. तीच हवा अठरा-वीसवर आणली की टायर खाली पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, आणि रबर चिऱ्याच्या कडेला बोटांसारखं वेढून धरतं. कोणताही बरा टायर कमी हवेवर खडकात आणि चिखलात जास्त चांगला चालतो. शिवाय जीप फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यांत ताकदीच्या गिअरमध्ये होती आणि आत एकट्या ड्रायव्हरचं वजन. त्यामुळे मी तपासली ती मुख्यतः हवा आणि गिअर. टायर तपासायचा तर आपल्याच गाडीवर, आपण नेहमी ठेवतो त्या हवेवर, नेहमीचं ओझं घालून तपासावा लागतो. आणि चढण्यापेक्षा ओल्या उतारावर थांबण्याची परीक्षा घ्यावी, कारण चढताना अडकलो तर माणूस अडकतो, उतरताना घसरलो तर दरीत जातो. हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

परत दुकानात आलो. एका टायरचे ९,५०० सांगितले, चारांचे ३८,०००. पक्कं बिल हवं असेल तर वर कर लागेल म्हणाला. मी हो-नाही करेपर्यंत त्याने एका चिठ्ठीवर "टायर ४ नग" लिहून शिक्का मारून दिला. २८,००० यूपीआयने दिले, १०,००० रोख. यूपीआयवर दुकानाचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं, ते मी पाहिलं आणि विचारलं नाही. मग त्याने पोऱ्याला सांगितलं, गाडी आत घे. आम्हाला म्हणाला, तासभर लागेल, तोवर समोर भाजी-पाव खाऊन या. आम्ही गेलो. परत आलो तर चारही टायर बसलेले, काळ्याभोर पॉलिशने चकचकीत. जुने टायर त्याने ठेवून घेतले.

या एका तासात सगळं झालं. टायर रिमवर चढत असताना तिथून हलू नका. भूक लागली तर लागू द्या.

पहिला महिना कोरडाच गेला. साठच्या वर गाडी घुमायची, मला वाटलं ऑल टेरेन म्हणजे थोडा आवाज यायचाच. पाऊस लागल्यावर मात्र ओल्या डांबरावर ब्रेक मारला की मागचा भाग बाजूला सरकायला लागला. व्हाळाजवळच्या चढावर, जिथे जुने झिजलेले टायरसुद्धा कुरकुरत का होईना चढायचे, तिथे हे नवे दोनदा अडकले. मी हवा तपासली, अलाइनमेंट करून घेतली. टायरवर संशय घेतला नाही, कारण ते चालताना मी डोळ्यांनी पाहिले होते. एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस नंतर दिसतं त्यावरही विश्वास ठेवत नाही.

९ जुलैला बेळगावहून परत येत होतो. सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं होतं. चोर्ला उतरून केरीकडे येताना, जिथून खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं, त्या वळणांवर पाऊस आणि धुकं दोन्ही होतं. वेग चाळीसही नसेल. मागून अचानक धडधड सुरू झाली, जणू कुणी पत्र्यावर दांडक्याने मारतंय, आणि गाडी डावी-उजवीकडे हेलकावायला लागली. मी ब्रेक दाबला नाही, एवढं देवाने सुचवलं. गाडी डोंगराच्या बाजूने गटाराला घासत थांबवली. उतरून बघतो तर मागच्या डाव्या चाकाची वरची सगळी नक्षी एका लांब पट्ट्यासारखी सुटून मडगार्डात अडकलेली. टायर फुटला नव्हता. वरचं कातडं सोलून निघावं तसं निघालं होतं आणि खाली जुन्या टायरचं गुळगुळीत अंग दिसत होतं. दरी दुसऱ्या बाजूला होती, म्हणून आज लिहितो आहे. सासूबाई पुढचे चार दिवस नीट झोपल्या नाहीत.

स्टेपनी लावून कसेबसे खाली आलो. दुसऱ्या दिवशी वाळपईतल्या टायरवाल्या काकांकडे गेलो. तीस-पस्तीस वर्षं हेच काम करणारा माणूस. त्यांनी पट्टा हातात घेतला, वास घेतला आणि एवढंच म्हणाले, "हा रिमोल्ड आहे बाबा. तुला नवा म्हणून दिला?"

रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरचं अंग ठेवून त्याच्यावर नव्या रबराची नक्षी चिकटवणं. यात मुळात काही गैर नाही. ट्रक आणि बसगाड्या अशा टायरांवर धावतात, विमानाचे टायरही पुन्हा पुन्हा असेच चढवले जातात. पण तिथे जुनं अंग तपासलं जातं, काम नियमाने होतं आणि घेणाऱ्याला माहीत असतं. मला मात्र म्हातारं अंग रंगवून विकलं होतं.

काकांनी चारही टायर रिमवरून उतरवले. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हे चार आकडे बहुतेक टायरांवर एकाच बाजूला असतात. माझ्या टायरांची ती बाजू आत, गाडीच्या पोटाकडे बसवली होती, म्हणजे गाडीखाली झोपल्याशिवाय दिसूच नये. दोन टायरांवर १४१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. घेतले तेव्हाच ते सात वर्षांचे होते. उरलेल्या दोघांवर ती जागा घासून सपाट केलेली. बोट फिरवलं की खरखर लागायची.

मग त्यांनी अजून एक गोष्ट दाखवली, ती मी यापूर्वी कधी ऐकली नव्हती. टायरच्या खाचांच्या तळाशी मधूनमधून छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून १.६ मिलिमीटरवर आली की ते तिच्या पातळीला येतात आणि टायर संपला हे कळतं. ते उंचवटे कुठे आहेत हे दाखवायला बाजूवर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. माझ्या टायरांवर त्रिकोण होते, पण त्यांच्या समोरच्या खाचेत उंचवटाच नव्हता. म्हणजे बाजू एका टायरची आणि नक्षी भलत्याच साच्यातली. खांद्यावर, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते, तिथे पॉलिश पुसल्यावर चहूबाजूंनी एक बारीक सांधा दिसला. आणि सगळ्यांत सोपी खूण तर मी रोज पाहत होतो. बाजूवर एच/टी लिहिलं होतं, म्हणजे हायवे टेरेन, आणि वर नक्षी ऑल टेरेनची! सड्यावरच्या जीपच्या टायरवर ए/टी होतं. भाच्याच्या चित्रीकरणात एका ठिकाणी जीप थांबते, तिथे ती अक्षरं स्वच्छ वाचता येतात, आणि टायरचं पोट बाहेर आलेलंही दिसतं. हवा कमी होती हे काकांनी तिथूनच ओळखलं.

मी विचारलं, आयएसआयचा शिक्का तर आहे ना? काका म्हणाले, तो अंगाचा आहे. नवा होता तेव्हा तो टायर चांगलाच होता. हे फार महत्त्वाचं आहे. कंपनीचं नाव, शिक्का, आकार, वजन पेलण्याचा आकडा, सगळं बाजूवर छापलेलं असतं आणि अशा रिमोल्डमध्ये बाजू तशीच राहते. त्यामुळे नाव वाचून घेणारा हमखास फसतो. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं रबर कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात, आणि आमच्या घाटातली वळणं त्याच अंगावर जोर टाकतात.

दुकानात परत गेलो तेव्हा मालक ओळखही दाखवेना. म्हणाला, हे टायर माझे नव्हेत, बाहेरून कुठून तरी बदलून आणलेत. चिठ्ठीवर ना टायरचं नाव, ना तारीख, ना जीएसटी क्रमांक. मी तिथे भांडत बसलो नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला आणि मग उत्तर गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझ्या हातात पुरावा म्हणून तीनच गोष्टी आहेत: यूपीआयची नोंद, भाच्याचं चित्रीकरण आणि ते टायर. रोख दिलेले १०,००० कागदावर कुठेच नाहीत, त्यांच्यावर मी पाणी सोडलं आहे.

पुढचे टायर घेताना मी काय केलं तेही सांगतो. दुसऱ्या दुकानात गेलो, टायर रिमवर चढवायच्या आधी चारांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले, ओल्या फडक्याने खांदा पुसून सांधा शोधला, आणि चारही टायरांचे डीओटी क्रमांक पक्क्या बिलावर लिहून मागितले. दुकानदार पहिल्यांदा वैतागला, मग पोऱ्याला बॅटरी घेऊन पाठवून दिलं. तारखेची बाजू बाहेर ठेवून बसवा म्हटलं, तसे बसवले. दहा मिनिटं जास्त गेली.

ते चार रिमोल्ड टायर मी विकले नाहीत, जाळले नाहीत. कुळागरात सुपारी वाळवायच्या मांडवात उभे आहेत, सुटलेल्या पट्ट्यासकट. गावातले चौघे-पाच जण आपापल्या गाड्यांचे टायर घ्यायच्या आधी येऊन हात लावून गेले. त्यातल्या एकाने घरी जाऊन आपल्या पिकअपखाली बॅटरी मारली आणि रात्रीच फोन केला, त्याच्या मागच्या दोन टायरांची तारीखही घासलेली निघाली.