रेडमी ए4 5जी: जिओवाल्यांनी घ्या, एअरटेलवाल्यांनी आधी हे वाचा

आईला घेतलाय हा फोन, तिचं सिम जिओचं आहे आणि त्या हिशोबाने पैसा वसूल. नोव्हेंबर 2024 मध्ये आला तेव्हा किंमत 8,499 पासून होती, 6.88 इंची स्क्रीन, 5160 ची बॅटरी, वर हेडफोनचं होल पण आहे जे हल्ली महागड्या फोनात पण नसतं. कॅमेरा उजेडात ठीक, रात्रीचं सोडून द्या.

पण मेन मुद्दा वेगळाच आहे. यात 5जी फक्त एसए, म्हणजे स्टँडअलोन, टॉवरपासून मागच्या यंत्रणेपर्यंत सगळं 5जीचंच असलेलं, चालतं. जिओचं 5जी पहिल्यापासून एसए, एअरटेलने 2022 ला सुरू केलं ते एनएसए, नॉन-स्टँडअलोन, म्हणजे टॉवरवरून सिग्नल 5जीचा पण मागची यंत्रणा 4जीचीच, त्यामुळे फोनला 4जी आणि 5जी दोन्ही एकदम धरून ठेवावं लागतं आणि ते या फोनला जमत नाही. एवढ्या स्वस्तात 5जी द्यायचं तर कुठेतरी कात्री लागणारच ना. कंपनीने लपवलेलं नाहीये, पण बुधवार पेठेतल्या दुकानदाराला विचारलं तर म्हणे "ओ साहेब, 5जी म्हणजे 5जी, कुठलंही सिम टाका". मग वहिनी सोबत होती, तिचं एअरटेलचं सिम तिथेच काढून यात टाकलं. तिच्या फोनमध्ये त्याच काउंटरवर 5जी दिसत होतं, यात 4जीवरून हलेचना. त्यावर उत्तर काय, तर आज नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. धन्य!

आता 4जीवर कॉल, व्हॉट्सॲप, यूपीआय काहीच अडत नाही. पण अनलिमिटेड 5जीवाला रिचार्ज मारायचा आणि रोजच्या 2 जीबीतच भागवायचं, मग 5जी फोन कशाला घ्यायचा?

आईकडे मात्र मजा आहे. नारायण पेठेतली जुनी बिल्डिंग, भिंती ही एवढ्या जाड, तरी आतल्या स्वयंपाकघरात 5जी टिकतं. जिओकडे 700 मेगाहर्ट्झचा बँड, म्हणजे सिग्नलच्या लहरींचा पट्टा, आहे, 2022 च्या लिलावात तो बाकी कोणीच घेतला नव्हता, आणि भिंतीतून आत शिरायला तोच कामाचा, 3500 मेगाहर्ट्झवाला बँड खिडकीपाशीच दम तोडतो.

तेव्हा मेगापिक्सल नंतर बघा, आधी स्पेसिफिकेशनमध्ये 5जीसमोर एसए आणि एनएसए दोन्ही लिहिलंय का ते बघा. वहिनीला म्हटलं जिओला पोर्ट कर, तर दादाचा फॅमिली प्लॅन आड आला, ती आता थोडे जास्त घालून दोन्ही चालणारा घेतेय. जिओवाल्यांसाठी 4 स्टार, एअरटेलवाल्यांसाठी 2.