फिलिपिन्स आणि जगाचा इतिहास: चार पर्याय द्यावेत की क्रम लावायला सांगावा?

विनोबा भावे, चिंतामणराव देशमुख, आरोळे दांपत्य, बाबा आमटे, पांडुरंगशास्त्री आठवले. मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी विचारले की मराठी माणूस धडाधड नावं सांगतो. पुढचा प्रश्न टाका, ‘पण मॅगसेसे म्हणजे कोण?’ आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज उरतो. रामोन मॅगसेसे हे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष. १७ मार्च १९५७ रोजी सेबू बेटावर त्यांचं विमान डोंगरावर आदळलं आणि ते गेले. पुढच्याच वर्षी पहिले पुरस्कार दिले गेले, त्यांत विनोबा होते.

मला या सगळ्यात पडायला लावलं भाचीनं. ती मेडिकलसाठी फिलिपिन्समधल्या दावाव शहरात निघाली होती, बरोबर आणखी अकरा मुलं. ‘मामा, जायच्या आधी तिथल्या इतिहासाची एक क्विझ घे ना, थोडा जगाचा इतिहासही टाक.’ मी दोनदा घेतली. एकदा चार पर्यायांची, एकदा क्रम लावायची. वर्गासाठी, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा घरच्या घरी असलं काही घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर दोन्हींचा हा माझा हिशेब.

चार पर्यायांची सोय नाकारण्यात अर्थ नाही. चाळीस पेपर पंधरा मिनिटांत तपासून होतात, बुजरं मूलही खूण करून मोकळं होतं. पण वीस प्रश्न असतील तर डोळे मिटून खुणा करणाऱ्यालाही सरासरी पाच गुण पडतातच. यूपीएससीसारखे चुकीला एक तृतीयांश गुण कापले तर हा फुकटचा लाभ संपतो, पण त्याबरोबर हॉलमधली मजाही संपते. मुलं पेपर कोरा ठेवायला लागतात.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. पर्याय समोर दिसले की निम्मं आठवण्याचं काम तेच करून टाकतात. ‘पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणाऱ्या पहिल्या मोहिमेचं जहाज स्पेनला कुणी परत आणलं?’ या प्रश्नाखाली मॅजेलनचं नाव दिसलं की बारातले नऊ जण तिथंच टिक करतात. मोहिमेचा प्रमुख मॅजेलन तर २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्सच्या माक्तान बेटावर मारला गेला. व्हिक्टोरिया हे जहाज ६ सप्टेंबर १५२२ ला १८ माणसांसह स्पेनला पोचवलं ते त्याच मोहिमेतल्या एल्कानोनं. सापळा छान बसतो, पण त्यातून कळतं काय, तर सापळा छान बसला एवढंच.

त्याच्या शेजारचा ‘मॅजेलनला कुणी मारलं?’ हा प्रश्न तर मी काढूनच टाकला. उत्तर सगळीकडे ‘लापुलापु’ छापतात. माक्तानचा सरदार तो होता, लढाईही त्याच्याशीच होती. पण त्या झटापटीत स्वतः हजर असलेल्या, मोहिमेची हकिकत लिहिणाऱ्या पिगाफेत्तानं लिहिलंय ते असं, की बेटावरची माणसं घोळक्यानं मॅजेलनवर तुटून पडली. शेवटचा घाव कुणाचा, ते नाव त्यानं दिलेलं नाही. आता हे अ, ब, क, ड मध्ये कुठं बसवणार?

आणि मग माझी फजिती. प्रश्न होता: फिलिपिन्स स्वतंत्र कधी झाला? माझ्या उत्तरपत्रिकेत ४ जुलै १९४६. एक मुलगा उठला. ‘काका, कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये स्वातंत्र्यदिनाची सुट्टी १२ जूनला आहे.’ पर्यायांत १२ जून १८९८ सुद्धा मीच दिलेला! दोन्ही बरोबर. क्रांतिकारकांचा नेता आगिनाल्दो यानं १२ जून १८९८ ला काविते प्रांतातल्या आपल्या घरी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, अमेरिकेनं ते दिलं ४ जुलै १९४६ ला. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी स्वातंत्र्यदिन जुलैवरून जूनवर नेला. मी सगळ्यांना एकेक गुण देऊन सुटलो. पण या तीन तारखांमध्येच त्या देशाची अख्खी गोष्ट आहे, आणि माझ्या प्रश्नानं ती एका खुणेत गुंडाळून टाकली होती.

म्हणून दुसऱ्या खेपेला चिठ्ठ्या केल्या. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पाच चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक घटना, साल नाही. टेबलावर पसरायच्या आणि आधीची डावीकडे, नंतरची उजवीकडे असं लावायचं. माझा आवडता संच असा: मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला, मनिला ते अकापुल्को गॅलिअन जहाजांची शेवटची फेरी, फिलिपिन्सच्या कॅलेंडरमधून एक दिवस गायब झाला, सुएझ कालवा खुला झाला, फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष होसे रिझाल शिकायला युरोपला निघाला.

एका मुलीनं सुएझ सगळ्यांत आधी ठेवला. ‘स्पेनची जहाजं तिथूनच तर आली असणार.’ चूक, पण किती कामाची चूक! पर्यायांच्या पेपरात तिच्या डोक्यातला हा नकाशा मला कधीच दिसला नसता. स्पेनचा फिलिपिन्सशी संबंध होता तो मेक्सिकोमार्गे. मनिलाचा कारभार मेक्सिकोतल्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. गॅलिअन जहाजं अडीचशे वर्षं पॅसिफिक ओलांडत राहिली, इकडून चिनी रेशीम, तिकडून चांदी. १८१० मध्ये मेक्सिकोत बंड पेटलं, १८१५ मध्ये शेवटचं गॅलिअन, १८२१ मध्ये मेक्सिको हातचा गेला. आता माद्रिदला थेट कारभार बघणं आलं. १८६९ मध्ये सुएझ उघडला, युरोप जवळ आला, आणि पैसेवाल्या घरांतली पोरं शिकायला स्पेनला जाऊ लागली. १८८२ मध्ये रिझाल गेला तो याच लाटेत.

मधली गायब दिवसाची चिठ्ठी सगळ्यांना छळते. मेक्सिकोमार्गे आलेल्या स्पॅनिशांनी अमेरिकेकडची तारीख धरली होती, त्यामुळे मनिला शेजारच्या आशियापेक्षा एक दिवस मागे असायची. मेक्सिकोशी व्यवहार संपल्यावर त्यात अर्थ उरला नाही. म्हणून ३० डिसेंबर १८४४ नंतर थेट १ जानेवारी १८४५. फिलिपिन्समध्ये ३१ डिसेंबर १८४४ हा दिवसच उगवला नाही. इथं सालाची आठवण कामाला येत नाही, मेक्सिको सुटल्यानंतरच हे व्हायला हवं असा तर्क येतो. दोन मुलांनी नेमका तोच तर्क बोलून दाखवला आणि चिठ्ठी बरोबर जागी सरकवली.

गुण देताना एक काळजी घ्या. पाच चिठ्ठ्यांचे १२० क्रम होतात, त्यामुळे ‘सगळं बरोबर नाहीतर शून्य’ हा नियम क्रूर आहे. पाच चिठ्ठ्यांच्या दहा जोड्या होतात. ज्या जोडीत आधीची चिठ्ठी आधी आहे तिला एक गुण. सुएझ पहिला ठेवून बाकी क्रम बरोबर लावणाऱ्या मुलीला दहापैकी सात मिळाले. मला ते न्याय्य वाटलं, तिला नाही.

या पद्धतीच्या अडचणी आहेतच. चाळीस मुलांना चालत नाही, टेबलंच पुरत नाहीत. एका संचाला दहा मिनिटं जातात. संच जमवायलाही वेळ लागतो, कारण एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच घटना टाकल्या की परत सनावळीच उरते. घटना जवळजवळच्या असल्या तरी बिघडत नाही. १८९८ या एका वर्षाचा संच घ्या: १ मे ला अमेरिकन नौदलाच्या ड्युईनं मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडवलं, १२ जूनला आगिनाल्दोची घोषणा, १० डिसेंबरला पॅरिसच्या तहात स्पेननं दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेला दिला. पुढच्या फेब्रुवारीत फिलिपिनो आणि अमेरिकन सैन्यांत युद्ध. क्रम लागला की मुलं स्वतःच विचारतात, ‘म्हणजे स्वातंत्र्य जाहीर झालेला देश विकला?’

फिलिपिन्सची फेरी वेगळी आणि जगाची वेगळी ठेवावी का, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. माझं उत्तर साफ नाही असं आहे. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतलं, हे सुटं विचारलं तर कोरडी सनावळी. त्याच्या शेजारी युरोपातल्या सप्तवार्षिक युद्धाची चिठ्ठी ठेवा, आणि ते आरमार मद्रासहून निघालं होतं, त्यात हिंदी शिपाई होते, त्यांतले काही मनिलाजवळच्या काइंता गावातच राहिले, हे सांगा. दावावला निघालेल्या मुलांचे कान टवकारतात.

नकाशावर जागा दाखवायचे प्रश्न मी दुसऱ्या महायुद्धापुरते ठेवतो: बातान, कोरेहिदोर, १९४४ मध्ये अमेरिकन सेनापती मॅकआर्थर उतरला ते लेयते. एरवी सात हजारांवर बेटांचा कोरा नकाशा म्हणजे मुलांचा छळ. ‘का?’ विचारणारे तोंडी प्रश्न सगळ्यांत चांगले, पण परीक्षकच दोन असले की दोन उत्तरं निघतात. सहापेक्षा जास्त जण असतील तर घेऊ नका.

थोडक्यात काय घ्यायचं ते सांगतो. मोठा जमाव आणि अर्धा तास असेल तर चार पर्याय, पण प्रत्येक प्रश्न आधी एका खवचट मित्राकडून तपासून घ्या. बारा-पंधरा जण असतील, विशेषतः तिकडं जाऊन राहणारे, तर चिठ्ठ्या, त्यात दोन्ही इतिहास मिसळून.

आणि शेवटची पाच मिनिटं राखून एक ओळ वाचायला द्या. लागुना प्रांतात १९८९ मध्ये वाळू उपसताना एक ताम्रपट सापडला, वहीच्या पानाएवढा. लिपी कावी, म्हणजे जुनी जावाची, भाषा मुख्यतः जुनी मलय. सुरुवात मी देवनागरीत लिहून दिली: ‘स्वस्ति शकवर्षातीत ८२२ वैशाख मास... चतुर्थी कृष्णपक्ष सोमवार’. हा कुठला मजकूर, असं विचारल्यावर उत्तरं आली पैठण, बदामी, कोल्हापूर. फिलिपिन्स म्हटल्यावर गलका. भाचीनं ८२२ मध्ये ७८ मिळवून इसवी सन ९०० काढलं, म्हणजे मॅजेलनच्या सहाशेवर वर्षं आधी. पुढं त्यात नामवरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज, एक कती आणि आठ सुवर्ण (ही तेव्हाची वजनं), माफ झाल्याची नोंद आहे, त्याच्या वारसांसकट. हे ऐकून मागून एकानं विचारलं, ‘काका, एज्युकेशन लोनचं असं काही होतं का तिकडं?’ त्याला गुण किती द्यायचे हे मी अजून ठरवलेलं नाही.