लोहाराचं पाणी की चिमटा?

आयर्लंडमध्ये लोहाराच्या भट्टीशी जोडलेले दोन तोडगे घरोघरी माहीत होते. पहिला पाण्याचा. लालबुंद नाल ज्या डोणीत चर्रकन विझवायचा, तिथलं काळपट, लोखंडाच्या वासाचं पाणी चामखिळीवर लावायचं. १९३७ ते १९३९ दरम्यान शाळकरी मुलांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून वह्यांत उतरवलेल्या लोककथांच्या संग्रहात हा उपाय पुन्हा पुन्हा भेटतो.

दुसरा चिमट्याचा. बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला परी पळवतील, म्हणून घर सोडताना चुलीजवळचा लोखंडी चिमटा पाळण्यावर आडवा ठेवायचा. (आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, तसंच.) तिथल्या परी म्हणजे नाजूक पंखवाल्या नव्हेत; त्यांचं नाव घेतानाही लोक बिचकत.

चिमटा फुकटचा आणि हाताशी. पाण्यासाठी मात्र भट्टीपर्यंत जावं लागे. तरी मला पाणीच जास्त रंजक वाटतं. चिमट्यात ताकद लोखंडाची, पाण्यात मात्र लोहाराचाही वाटा. आणि लोहाराचा दरारा जुनाच: आयर्लंडचा संरक्षक संत पॅट्रिक याच्या नावावरच्या 'रक्षाकवच' या जुन्या प्रार्थनेत स्त्रिया, लोहार आणि द्रुइड (ख्रिस्तीपूर्व काळातले पुरोहित) यांच्या मंत्रांपासून संरक्षण मागितलंय!