बाहेरचा ५६के मोडेम: नौपाड्यातल्या जुन्या लाइनवर एक अख्खा पावसाळा

ही नोंद डायल-अपच्या दिवसांतली, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून नंबर फिरवून इंटरनेट लावायचो तेव्हाची. मोडेम म्हणजे संगणकाचा डेटा आवाजात बदलून त्या लाइनवरून नेणारं यंत्र, आणि ५६के म्हणजे त्याचा कागदावरचा कमाल वेग, सेकंदाला ५६ हजार बिट. हा मोडेम घ्यावा का, याचं उत्तर आधीच देतो. घ्या, पण वेग वाढेल म्हणून नको. वेग फारसा वाढत नाही. कनेक्शन तुटलं की ते कुठे तुटलं हे या डबीवरून कळतं, आणि माझ्या मते पैसे त्याचेच आहेत.

आमची इमारत ठाण्याच्या नौपाड्यातली, जुनी, टेलिफोनची डीपी, म्हणजे सगळ्या घरांच्या तारा जिथे जोडलेल्या असतात ती पेटी, जिन्याखाली. घरात पेंटियम थ्री आणि विंडोज एक्सपी. आधीचा मोडेम संगणकाच्या आत बसवलेला, पीसीआय कार्डवाला. असे मोडेम स्वस्त पडतात, कारण त्यांचं बरंचसं काम प्रोसेसरकडून करून घेतलेलं असतं. अँटिव्हायरसचं स्कॅन सुरू झालं की आमचं नेट गेलंच. संगणकाच्या मागच्या सिरियल पोर्टला लावायच्या या बाहेरच्या मोडेमला स्वतःचा कंट्रोलर आहे, त्यामुळे ती कटकट लगेच संपली. तुटणं मात्र थांबलं नाही.

इथे पुढचे दिवे कामाला आले. सीडी नावाचा दिवा म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर ऐकू येतोय. आरडी हा डेटा येत असताना लुकलुकणारा दिवा. पान अडकलं, पण सीडी पेटलेला आहे आणि आरडी लुकलुकत नाही, तर आपली लाइन शाबूत आहे. घोळ पलीकडे, सर्व्हरकडे किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत. अशा वेळी तारा हलवत बसू नये, चहा प्यावा. सीडीच विझला तर मात्र दोष लाइनचा किंवा घरातल्या वायरिंगचा. आमच्याकडे दर वेळी सीडीच विझायचा, आणि पावसाची सर आली की हमखास.

मग लाइन ऐकली. रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबायचा. डायल टोन थांबतो आणि त्या शांततेत खरखर स्पष्ट ऐकू येते. आधी घरातले सगळे फोन, कॉलर आयडीची डबी, मोडेम, सगळं काढून पहिल्या रोझेटवर, म्हणजे लाइन घरात शिरते तिथल्या भिंतीवरच्या डबीवर, एकच फोन लावून ऐका. तिथेही खरखर असेल तर तक्रार नोंदवा आणि लाइनमनची वाट बघा. तिथे स्वच्छ असेल तर दोष तुमच्या घरात आहे, लाइनमनला दोष देऊ नका. आमच्याकडे दोन्ही निघालं. जिन्याखालच्या डीपीतला जॉइंट हिरवा पडला होता, तो लाइनमनने कापून नव्याने केला. आत स्वयंपाकघरातल्या पॅरलल फोनची, म्हणजे त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनची, वायर ओल आलेल्या भिंतीतून गेलेली. ती तोडून टाकली आणि मोडेमसाठी पहिल्या रोझेटपासून वेगळी वायर ओढली, पंख्याच्या रेग्युलेटरपासून लांबून. आईला आता फोनसाठी बाहेरच्या खोलीत यावं लागतं, आणि ती ते रोज ऐकवते. पण तिने रिसीव्हर उचलला की माझं डाउनलोड मरायचं, तेही बंद झालं.

कॉल वेटिंग असेल तर ते बंद करून घ्या. मध्येच येणारा तो 'टूं' आवाज मोडेमच्या सुरात घुसतो आणि कनेक्शन पडतं. ते शक्य नसेल तर कंट्रोल पॅनलमध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीज, तिथे ॲडव्हान्स्ड, आणि जादा कमांडच्या चौकटीत एस१०=५० लिहा. सूर हरवल्यावर मोडेम किती वेळ धीर धरेल ते यावर ठरतं. आकडा दशांश सेकंदाचा, म्हणजे ५ सेकंद. एरवी बहुतेक मोडेम दीडेक सेकंदातच हात वर करतात. डायल टोन असूनही ६८० नंबरची एरर येत असेल तर त्याच चौकटीत एक्स३ टाकून बघा. मग मोडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. ६९१ आली तर लाइनला काही झालेलं नाही, युजरनेम-पासवर्ड तपासा.

आता लोकांना न पटणारी गोष्ट. कोपऱ्यात ४८ केबीपीएस दिसलं की आपण खूश होतो, पण खराब लाइनवर तो आकडा फसवा आहे. मोडेम सतत चुका सुधारत आणि पुन्हा जुळवून घेत राहतो, त्या काळात एक अक्षरही पुढे सरकत नाही. मी व्ही.९०, म्हणजे ५६के वेगाची पद्धत, बंद करून मोडेम व्ही.३४ या जुन्या, संथ पद्धतीवर आणला, जोडणी ३१.२ ला होते आणि संध्याकाळभर टिकते. अर्धवट तुटून पुन्हा पहिल्यापासून उतरवाव्या लागणाऱ्या फाइलपेक्षा हे केव्हाही जलद, आणि दर वेळी नव्याने कॉल लावायचा नाही म्हणून बिलातही फरक पडतो. फोटो पाठवणाऱ्यांचं तर काहीच जात नाही, कारण व्ही.९० मध्येही वर जाणारा वेग ३३.६ च्या पुढे नसतोच.

घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांत फोन सोसायटीच्या ईपीएबीएक्समधून, म्हणजे तिच्या स्वतःच्या छोट्या एक्स्चेंजमधून, येत असेल, तर ५६के विसरा. एक्स्चेंज आणि घर यांच्यामध्ये आणखी एकदा ॲनालॉग-डिजिटल रूपांतर झालं की व्ही.९० चालत नाही, मोडेम कितीही महागाचा घ्या.

तक्रारी दोन. अडॅप्टर एवढा जाड की एक्स्टेन्शन बोर्डावर शेजारचा सॉकेट वाया जातो, आणि तापतोही. दुसरं, वीज कडाडली की टेलिफोनची वायरही उपटावी लागते. नुसतं स्विच बंद करून भागत नाही, झटका लाइनीतून येतो. खोक्यावर व्ही.९२ (व्ही.९० ची पुढची आवृत्ती) आणि मोडेम-ऑन-होल्ड (फोन आला तर नेट न तोडता थांबवून ठेवायची सोय) मोठ्या अक्षरांत छापलंय. पलीकडच्या सेवेत ती सोय नसेल तर आपल्या मोडेममध्ये असून उपयोग नाही, तेव्हा त्यासाठी दुकानदाराला जादा पैसे देऊ नका.